सकाळची बॅच

फिकट गुलाबी. गुलाबी नव्हे. गुलाबी झालं म्हणजे हुकलं.

*

कंडक्टर घंटीची दोरी एकदा ओढतो तेव्हा गाडी थांबते. दोनदा ओढली की सुटते, मग ती कुणाच्या बापासाठी थांबत नाही.

*

"मॅडम, आपल्या बिराजदार सरांचा गौरवग्रंथ काढतोय. निवृत्त झाले ना सर. तुम्ही लिहिता, म्हणून म्हटलं दोन पानं द्या. जरा मनाला भिडेल असं."

*

पायऱ्यांवर सावली असायची. डबा उघडायची ती वेळ नव्हती, पण नुसतं बसून करायचं तरी काय?

*

"किल्ली हरवली म्हणजे?"

"म्हणजे सापडत नाही, सर."

*

बिराजदार सर देवमाणूस होते. हे मी म्हणत नाही. सगळे म्हणत.

*

"या वर्गातल्या सगळ्या आयांचे हात भेगाळलेले आहेत," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "सगळ्या बापांच्या पायांत तुटक्या चपला. आणि शेवटी सगळ्यांचा सल्ला एकच, मित्रांनो, खूप अभ्यास करा." त्यांनी आमच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर टाकला. "नवी पोरं वाचतील हे? तुम्ही तरी वाचाल का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, माझ्या वडिलांनी काल नव्या चपला घेतल्या."

"मग तसं लिही. निदान खरं तरी होईल."

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. तालुक्याचं कॉलेज. तांबोळी मॅडम आम्हाला मराठी शिकवायच्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर काही नाही. भित्तिपत्रक त्यांच्याच गळ्यात घातलेलं होतं. व्हरांड्यात काचेची पेटी होती, तिला कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. वर्षाचा पहिला अंक नव्या मुलांसाठी असायचा. आम्ही जुन्यांनी त्यांना सल्ला द्यायचा.

मॅडमनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या.

कोण सांगतंय?

काळजाला कुठं लागतंय?

हिशेब जुळतो का?

"कुणाला काही पटवायचं तर ही तीन हत्यारं," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला आधी तुमचा भरवसा वाटला पाहिजे. मग त्याच्या आत काहीतरी हललं पाहिजे. आणि शेवटी घरी जाऊन त्यानं विचार केला तरी ते त्याला पटलं पाहिजे. तीन पायांची तिवई आहे ही. तुम्ही मधला एकच पाय धरलाय, आणि त्यालाच तेल चोळत बसलाय."

वर्ग हसला. मी हसले नाही.

"कुशावर्ता, तू तर कागदच दिला नाहीस."

"मला लिहायला बसलं की राग येतो, मॅडम."

"मग राग लिही. पण तिन्ही पायांवर उभा कर."

*

राग कशाचा, ते सांगते.

आमच्या ढोकवाडीला दोनच गाड्या होत्या. सकाळची गाडी कॉलेजचा शिपाई आवार झाडत असायचा तेव्हा आम्हाला तालुक्याला टाकायची. दुपारची गाडी, तीच शेवटची. तिच्यानंतर काळ्या-पिवळ्या जीप असत, त्याही फाट्यापर्यंत. पुढं उसातून पायी. आमच्या आणि शेजारच्या गावांमधल्या मुलींना ती जीप बंद होती. तसा कायदा कुणी केला नव्हता. घरोघरी ठरलेलं होतं.

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेस होत्या. एक सकाळी, तास सुरू व्हायच्या आधी. दुसरी दुपारी, तास संपल्यावर. आम्ही खेड्यांवरच्या सगळ्याजणी दुपारच्या बॅचला. ती सुरू व्हायची तेव्हा आमची गाडी स्टँडवर लागलेली असायची. आम्ही लॅबमध्ये शिरायचो, हजेरीला "हजर सर" म्हणायचो, आणि बिराजदार सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पळा गं लेकींनो, गाडी जाईल. जर्नलची काळजी करू नका."

आम्ही पळायचो. रीडिंग तालुक्याच्या मुलांच्या जर्नलमधून उतरवायचो. सर सही करायचे. लाल शाईची, लांब शेपटीची सही.

आई म्हणायची, असा मास्तर भेटायला पुण्य लागतं. दर वर्षी नव्या पोरी आल्या की जुन्या पोरी त्यांना पहिल्याच दिवशी बसमध्ये सांगायच्या, "सर सही देतात गं, भिऊ नका." त्या कॉलेजात नव्या मुलींना दिलेला एवढाच खरा सल्ला होता. बाकीचा काचेच्या पेटीत लागायचा.

मीही पहिलं वर्ष तसंच काढलं. फर्स्ट क्लास मिळाला. मामानं ओळख काढली आणि उन्हाळ्यात, हंगाम संपत आला असताना, मला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नेलं. थोडे दिवस मदतीला राहील, शिकेल. तिथल्या केमिस्टनं माझ्यापुढं ब्युरेट ठेवली. ब्युरेट म्हणजे उभी काचेची नळी, आकडे कोरलेली, खाली तोटी. तिच्यातून थेंब थेंब सोडायचा, खाली शंकुपात्रातला रंग बदलला की थांबायचं, आणि किती गेलं ते वाचायचं. जर्नलमध्ये ही आकृती मी इतक्यांदा काढली होती की डोळे मिटूनही काढली असती.

"बॉयलरच्या पाण्याचं एक रीडिंग घे," केमिस्ट म्हणाला.

मी तोटी फिरवली. नळीतलं सगळं एका दमात खाली आलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "कॉलेज कुठलं?" मी सांगितलं. त्यानं शेजारच्याकडं बघून मान हलवली. "सहीवाली," तो म्हणाला.

म्हणजे बाहेर आम्हाला नाव होतं. आम्हालाच ते माहीत नव्हतं.

(इथं मामाच्या चेहऱ्याबद्दल एक वाक्य बसेल. काळजाला लागेल असं. मी ते लिहिणार नाही.)

*

मी लिहिलेला पहिला सल्ला असा होता:

'नव्या मैत्रिणींनो, सही घेऊ नका. फुकटची सही तुमची विद्या फुकटात घेऊन जाते. ज्या हातात ब्युरेट नाही त्या हातातलं प्रमाणपत्र म्हणजे रद्दी.'

मॅडमनी वाचलं. "दुसरं वाक्य फार छान आहे."

"हो ना?"

"खोड."

"का, मॅडम?"

"छान आहे म्हणूनच. तू स्वतःवर खूश झालीस तिथं. तिसरंही खोड. आणि मला हे सांग, सही घेतली नाही तर पोरींनी करायचं काय?"

"प्रॅक्टिकल करायचं."

"आणि गाडी?"

मी कागद घेतला आणि घरी आले.

अयोध्या शेंगा फोडत बसली होती. ती माझ्या चुलत्याची मुलगी. त्या वर्षी बारावी होऊन माझ्याच कॉलेजात बीएस्सीला आली होती. नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एका अटीवर पाठवली होती. गाडीनं जायचं, गाडीनं यायचं. एक दिवस गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी हातात खुरपं. नाना बोलल्याप्रमाणे करणारे होते. थोरलीच्या वेळी त्यांनी केलं होतं.

अयोध्यानं शेंगा बाजूला सारून कागद वाचला.

"आक्का, लई भारी लिवलंय."

"पटतं का?"

"पटतं की. मग मी काय करू?"

"सही घेऊ नको."

"बरं. न्हाई घेत. मग थांबू प्रॅक्टिकलला? गाडी गेल्यावर नानांना काय सांगू, आक्कानं लिवलंय म्हणून?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?" तिनं कागद परत केला. "तुझ्या लिवण्यात गाडीच न्हाई, आक्का. तेवढी घाल आन् मग सांग."

मला तिचा राग आला. मॅडमचाही आला. कारखान्याच्या केमिस्टचा तर आलेलाच होता. पण सगळ्यांत जास्त राग त्या तिसऱ्या ओळीचा आला. हिशेब जुळत नव्हता. सही घ्यावी तर अडाणी राहायचं. न घ्यावी तर घरी बसायचं. मी आमच्या नव्या पोरींना विचारत होते की बुडून मरता का जळून, आणि वरून त्याला सल्ला म्हणत होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे लॅबच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तास सुरू व्हायला खूप अवकाश. कुणी डबा उघडला होता, कुणी जर्नल उतरवत होती. आतली बॅच सुटली आणि केतकी बाहेर आली. केतकी वकिलांची मुलगी, घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत. चांगली पोर. जर्नल द्यायला कधी कुरकुर नाही.

"घे," तिनं जर्नल माझ्या मांडीवर टाकलं. "आज माझी तिन्ही रीडिंग सारखी आली. तू एखादं बदल गं, नाहीतर सर ओळखतील."

"केतकी, एक विचारू? तुमची बॅच सकाळची कशी?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी ठरवलं की तुम्ही सकाळी आणि आम्ही दुपारी?"

"अगं, दुपारी आमचे क्लासेस असतात ना. पप्पांनी पहिल्याच आठवड्यात सरांना फोन केला. सगळ्यांच्याच घरून गेले फोन. सर काय, लगेच हो म्हणाले." ती रुमालाला हात पुसत होती. "म्हणाले, काही हरकत नाही, त्या खेड्यावरच्या मुलींना दुपारी टाकतो, नाहीतरी त्या थांबत नाहीतच."

"आम्ही थांबत नाही?"

"नाही ना. तुमची गाडी असते ना." तिला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. "सर खूप चांगले आहेत गं. सांगितलं की करतात."

ती गेली. मी पायऱ्यांकडं पाहिलं. आम्ही सगळ्याजणी रांगेनं बसलो होतो, दाराकडं पाठ करून. आतून पाण्याच्या तोट्यांचा आवाज येत होता. कुणीतरी ब्युरेट धुऊन ठेवत होतं. गेलं पूर्ण वर्ष रोज सकाळी आम्ही त्या दाराबाहेर बसून, आत जे चाललं होतं तेच वहीत उतरवत होतो.

*

दुसरा सल्ला. हा पेटीत लागला.

'मैत्रिणींनो, तुम्हाला सांगतील की सर सही देतात. खरं आहे. मलाही दिली. मी ढोकवाडीची कुशावर्ता, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि पहिल्या वर्षी मी ब्युरेटला हात लावला नाही. पुढं एका लॅबमध्ये ती माझ्यापुढं ठेवली तेव्हा मला तोटी फिरवता आली नाही. तिथं मला सहीवाली म्हणाले.

आपली गाडी सकाळी लवकर पोचते. सकाळची बॅच त्यानंतर सुरू होते. त्या वेळी आपण दाराबाहेर बसलेल्या असतो. आपली बॅच सुरू होते तेव्हा आपली गाडी सुटते. ज्यांची घरं कॉलेजच्या मागं आहेत त्यांना सकाळ मिळाली. ज्यांची गाडी दुपारी जाते त्यांना दुपार मिळाली.

सही मागू नका. सकाळ मागा.'

मॅडमनी दोनदा वाचलं. एकही शब्द खोडला नाही. फक्त म्हणाल्या, "खाली नाव मोठ्या अक्षरात लिही. निनावी असलं की पहिला पाय जातो." मग त्यांनी पेटी उघडली, कागद लावला, कुलूप घातलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुपारपर्यंत व्हरांड्यात गर्दी झाली. प्राचार्यांचा शिपाई मॅडमकडं आला, मग प्राचार्य स्वतः आले. किल्ली हरवली, असं मॅडमनी सांगितलं. त्या वाक्यासाठी मॅडमना पुढं काय मोजावं लागलं ते मला नंतर कळलं. त्या क्षणी त्या पर्स छातीशी धरून शांत उभ्या होत्या.

मला सरांनी बोलावलं.

"बस," बिराजदार सर म्हणाले. "चहा घेशील?"

"नको, सर."

"तुझ्या वडिलांना मी चांगला ओळखतो. तुमच्या गावच्या सप्त्याला दर वर्षी येतो. परवासुद्धा भेटले, म्हणाले, पोरीकडं लक्ष असू द्या. इतकी वर्षं इथं आहे मी, कुशावर्ता. कुणी म्हणेल का, बिराजदारनं एका पोरीचं वर्ष वाया घालवलं?"

एक. कोण सांगतंय.

"माझ्या धाकट्या बहिणीची शाळा सातवीत सुटली. गावाला गाडी नव्हती, म्हणून. हुशार होती गं. तुम्ही जर्नल छातीशी धरून स्टँडकडं पळता ना, तेव्हा मला ती दिसते." त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

दोन.

"आता तूच हिशेब कर. मी सही थांबवली तर हजेरी भरत नाही. हजेरी नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही. फॉर्म नाही तर घरचे काय करतील? नुकसान कुणाचं, माझं का?"

तीन.

तिवई पक्की उभी राहिली. माझ्या कागदापेक्षा पक्की. हलवून पाहिली तरी हलेना. मॅडमनी सरांना पैकीच्या पैकी दिले असते. फळ्यावर ती तीन हत्यारं पाहताना मला वाटलं होतं की ती आपल्यासाठी आहेत. ती ज्याच्या हातात बसतात त्याची असतात.

"सर," मी म्हटलं, "मग आम्हाला सकाळची बॅच द्या ना."

"ती भरलेली आहे."

"कुणी भरली?"

त्यांनी चष्मा परत लावला. आवाज मात्र तसाच मऊ होता. "ज्यांनी मागितली त्यांना दिली. तुमच्यातली एक तरी आली होती का मागायला? भिंतीवर लिहिता येतं, माझ्या दारात येऊन मागता येत नाही?"

उत्तर होतं, पण ते त्या खोलीत बोलता येण्यासारखं नव्हतं. आमच्यासाठी वेळापत्रक म्हणजे स्टँडवरचा रंगवलेला फळा. तो वाचायचा असतो. गाडी त्यावर लिहिल्याप्रमाणे येते, आपण तिच्याप्रमाणे धावायचं. तो फळा कुणीतरी फोन करून बदलून घेऊ शकतं, हे आमच्या घरात, आमच्या गावात, आमच्या शाळेत कुणी कधी बोललं नव्हतं. केतकीला ते कुणी शिकवलंही नसेल. तिला ते चालायला यावं तसं येत होतं.

"ठीक आहे," सर म्हणाले. "तुझ्या म्हणण्याला मान देतो. उद्यापासून सही बंद. दुपारी पूर्ण वेळ थांबेल तिलाच हजेरी. जा आता, गाडी जाईल."

*

बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. अयोध्याच बसली, पण खिडकीकडं तोंड करून.

"लेखिकाबाई," मागून आवाज आला, "तेवढं माझ्या बापाला पण एक लिवा की. म्हणावं, पोरगी आता जीपनं येणार."

"कशाला त्याला सांगतीस? भिंतीवर लाव. वाचंल त्यो."

"सुखानं चाललं होतं बाई सगळ्यांचं."

"हिचं काय जातंय? हिचं एक वर्ष सह्या घेऊन पार पडलं."

हे शेवटचं तर खरंच होतं. मी मान वळवली नाही.

फाटा गेला, ऊस सुरू झाला, तेव्हा अयोध्या खिडकीकडं बघतच म्हणाली, "सर नेमकं काय म्हणाले, आक्का?"

मी सांगितलं. बहीण, पाणी, हजेरी, सगळं. ती ऐकत होती. शेवटचं तिनं मला पुन्हा बोलायला लावलं.

"'एक तरी आली होती का मागायला' असंच म्हणाले?"

"हो. असंच."

"बरं," ती म्हणाली.

*

दुसरी सकाळ. पायऱ्या. आम्ही होतो तशाच, फक्त माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. आत सकाळची बॅच सुरू झाली होती. कुणीही जर्नल काढलं नव्हतं. आता उतरवून काय करायचं होतं?

अयोध्या उठली. डब्याला फडकं बांधलं, तो पायरीवर ठेवला, वही काखेत घेतली.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

"आत."

"आपली बॅच नाही ती."

तिनं माझ्याकडं बघितलं, मी काही खुळ्यासारखं बोलल्यागत. "आक्का, दार तर उघडंच हाय."

आणि ती आत गेली. एक क्षण आम्ही बघत राहिलो. मग काल मला लेखिकाबाई म्हणालेली पोरगी उठली. मग बाकीच्या. शेवटी मी.

आत सगळे हात थांबले. केतकीच्या ब्युरेटमधून तेवढे थेंब पडत राहिले. सर फळ्याशी होते. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"काय गं लेकींनो? ही तुमची बॅच नाही."

अयोध्याच पुढं झाली. ती पहिल्या वर्षाची, आठ दिवसांपूर्वी कॉलेजात आलेली. सरांशी हजेरीपलीकडं एक शब्द बोललेली नव्हती.

"सर, मागायला आलो."

"काय?"

"तुम्ही म्हणाला, कुणी मागायला आलं न्हाई. म्हणून आलो. सकाळ द्या."

"इथं टेबलं किती आहेत, बघतेस ना? ॲसिड आहे, काच आहे. उद्या कुणाच्या हातावर सांडलं तर जबाबदार कोण?"

"दुपारी सांडलं असतं तर कोण होतं, सर?"

कुणीतरी फसकन हसलं. सरांचा चेहरा लाल झाला. मी पहिल्यांदाच पाहिलं की देवमाणसाला राग येतो. आणि मला त्याचं बरं वाटलं. इतकं बरं, की आजही ते आठवलं की वाटतं.

"बाहेर व्हा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. आमच्यापैकी नाही, त्यांच्यापैकी नाही. एवढ्या पोरींना हाताला धरून बाहेर काढणारं तिथं कुणी नव्हतं.

अयोध्या केतकीच्या टेबलाशी गेली. काही न विचारता ब्युरेटला हात लावला. केतकी चिडली. पण तिनं जे केलं ते मला तिच्याकडून अपेक्षित नव्हतं. तिनं आपलं स्टूल बाजूला ओढलं.

"अगं हळू! तोटी आडवी कर. आडवी म्हणजे बंद. हां. आता किंचित. किंचित म्हटलं ना! एका हातानं तोटी, दुसऱ्यानं शंकुपात्र हलवत राहा. बघ, रंग येतो आणि जातो. येतो आणि जातो. आता थेंब थेंब."

सगळी लॅब बघत होती. सरही.

पात्रातलं पाणी गुलाबी झालं. गडद, जत्रेतल्या गाठीसारखं.

"झालं!" अयोध्या ओरडली.

"हुकलं," केतकी म्हणाली. "एक थेंब जास्त. फिकट हवं. ओत ते. परत कर."

आणि अयोध्यानं ते ओतलं आणि परत करायला घेतलं.

*

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना माझा हात जड होतो.

वाद चालला. प्राचार्य, पालक, वकीलसाहेब, आमच्या गावांचे दोन सरपंच. दिवाळीच्या आत पहिल्या वर्षाच्या बॅचेस नव्यानं पाडल्या. गाडीनं येणाऱ्या मुलींना सकाळ, बाकीच्यांना दुपार. क्लासवाल्यांनी क्लासची वेळ बदलून घेतली. एका फोनवर बदलली. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला हे लागू झालं नाही. त्यांच्या बॅचेस पडून गेल्या होत्या म्हणे. आमच्या सह्या मात्र पुन्हा सुरू झाल्या, तीच लाल शाई. मी बीएस्सी झाले. लॅबमध्ये कधी काम केलं नाही.

तांबोळी मॅडमना दिवाळीनंतर तासिका मिळाल्या नाहीत. विषयाला तास कमी झाले, असं कारण दिलं. पेटीचं कुलूप फोडावं लागलं. तोवर अंक सगळ्यांचा वाचून झाला होता.

आणि स्नेहसंमेलनात बिराजदार सरांचा सत्कार झाला. खेड्यातल्या लेकींसाठी सकाळची खास बॅच सुरू केल्याबद्दल. शाल, नारळ. सर बोलले. बहिणीबद्दल बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सभागृह उभं राहिलं. अयोध्या माझ्या शेजारी बसून होती. ती उठली नाही. पुढं तिचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. चांगलं झालं, आणि ते तिचं आहे. ते कुणाच्या ग्रंथात घालायला मी देणार नाही.

"विशेषतः त्या सकाळच्या बॅचबद्दल लिहा," गौरवग्रंथासाठी फोन केलेला माणूस म्हणाला. "तुमच्यासारख्या ग्रामीण मुलींसाठी सरांनी केवढं केलं. तुम्ही तर त्याच बॅचच्या ना?"

"नाही."

"असं कसं? सरांनीच तुमचं नाव सुचवलं."

"मी दुपारच्या बॅचला होते."

"अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्हाला त्याचा लाभ नाही झाला." तो जरा अडखळला. "पण सर तर म्हणाले, फार हुशार मुलगी. प्रॅक्टिकलमध्ये तर पहिली."

पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मला तीसपैकी एकोणतीस गुण होते.